रामनाथने न भरलेली ओळ

पडदा वर जातो तेव्हा साकीनाक्यावर सकाळचे साडेनऊ वाजलेले आहेत. साल त्र्याऐंशी. उजव्या अंगाला औद्योगिक वसाहतीचं गंजलेलं फाटक, डाव्या अंगाला चहाची गाडी, आणि मागून लेथ मशिनांची घरघर, अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आता जन्मभर थांबायची नाही. मधोमध एक गाळा. वर पाटी, अनुपमा इंजिनिअरिंग वर्क्स. दारात नव्याकोऱ्या लाकडी पेट्यांची थप्पी आणि त्या थप्पीला टेकून उभा असलेला एक काळासावळा, काटक, चाळिशीतला माणूस. हातात पिवळा कागद. तो एका जहाजाची उणीदुणी काढतो आहे, आणि तीही अशा ठसक्यात, की चहाच्या गाडीवरची चार माणसं ग्लास हातात तसेच धरून ऐकत राहिली आहेत.

"वय बावीस वर्षं. गेल्या साली कोलंबोला इंजिन बंद पडून अकरा दिवस एका जागी उभं. दोन नंबरच्या खणाचं झाकण गळतं. कप्तान भला माणूस, पण स्वयंपाकी पळून गेलाय."

"स्वयंपाक्याचो नि आपल्या पेट्यांचो काय संबंध रे?" पेटीवर वाकून खिळे मारणाऱ्या गुणाजीने विचारलं.

"जेवण बेकार झालं की खलाशी चिडतो. आणि चिडलेला खलाशी पेटी ठेवत नाही, आपटतो."

"चेडवाक स्थळ बघतत तसो बघतंस तू जहाज. एखादा तरी पसंत पडतला काय तुका?"

"पडलं की सांगतो. तोवर तू खिळे सरळ मार."

हा रामनाथ. मढचा कोळी. रोज सकाळी खाडीवरच्या तरीने वर्सोव्याला उतरायचा, तिथून दोन बस बदलून साकीनाक्याला यायचा. कारखान्यात पितळी व्हॉल्व्ह बनत, ते बोटीने परदेशी जात, आणि दाराबाहेर पडलेला माल परक्या बंदरावर सुखरूप उतरेपर्यंतची सगळी काळजी रामनाथच्या डोक्यावर असे. त्याच्या हुद्द्याचं नाव डिस्पॅच क्लार्क. गाळ्यातली पोरं मात्र त्याला अपशकुनी म्हणत, कारण कुठल्याही जहाजाबद्दल त्याच्या तोंडून आधी वाईटच निघायचं.

त्याची काम करायची रीत अशी होती. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्याने पुठ्ठ्याची कार्डं ठेवली होती. एकेका जहाजाचं एकेक कार्ड, एकेका बंदराचं एकेक. गोदीच्या फाटकाबाहेर खलाशांबरोबर चहा पिऊन, जहाज कंपन्यांच्या शिपायांशी पान खाऊन त्याने जमवलेली माहिती त्यावर असायची. कुठल्या बंदरात क्रेन कायम मोडलेली असते, कुठे पेट्या उघड्यावर ठेवतात, कुठल्या महिन्यात कुठला वारा. दुसरी रीत म्हणजे मोठी ऑर्डर तो कधी एका जहाजावर जाऊ द्यायचा नाही. अर्धी या जहाजात, अर्धी पुढच्या. एक अडकलं तर दुसरं पोचतं. पाच वर्षांत त्याच्या हातून गेलेली एकही पेटी हरवली नव्हती, आणि या एका गोष्टीचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या अकरावी पास होण्याचाही नव्हता.

मालक जयवंतराव. गोरेगावला राहणारे, स्वतः लेथवर काम करून वर आलेले, मनाने चांगले. कारखान्याला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं. ते एकदा पवईला दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना एक पिवळी चिठ्ठी घेऊन आले. त्यावर चार ओळी छापलेल्या. जहाज, बंदर, मार्ग, आणि चौथी ओळ, संभाव्य धोके. "रामनाथ, तू जे तोंडाने बोलतोस ते यावर लिहीत जा," ते म्हणाले. "काही धोका नसेल तर ओळ रिकामी सोड. मी चिठ्ठी बघून जादा विमा काढायचा की नाही ते ठरवीन."

चौथी ओळ कधी रिकामी राहिली नाही. कधी कधी रामनाथला ती पुरायची नाही, मग तो मागच्या बाजूला लिहायचा.

पण याला एक वेळ होती, आणि ती वेळ कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हती. जे वाईट बोलायचं ते शेवटची पेटी जहाजात चढेपर्यंत. एकदा जहाज भरलं की रामनाथच्या तोंडाला कुलूप. मग त्या जहाजाबद्दल तो चकार शब्द काढायचा नाही. चिठ्ठी नेहमी माल चढण्याआधी भरली जायची, म्हणून कुणाच्या हे लक्षात यायचं कारण नव्हतं.

ही रीत त्याच्या आईची, कृष्णाबाईची. तिचा नवरा आणि दोन दीर एकाच होडीतून गेले आणि तिघंही परत आले नाहीत. तेव्हापासून तिच्या घरात दोन नियम. एका घरातली दोन माणसं एका होडीत बसायची नाहीत. आणि भरलेल्या होडीबद्दल वाकडं बोलायचं नाही. पहिला नियम साऱ्या कोळीवाड्याला कळण्यासारखा होता. दुसऱ्याचं कारण तिने फक्त रामनाथला सांगितलं होतं, तेही तो बाविशीचा झाल्यावर. त्या दिवशी सकाळी नवऱ्याशी तिचं भांडण झालं होतं. होडी भरली होती, जाळी चढली होती, बर्फ चढला होता, आणि ती किनाऱ्यावर उभी राहून ओरडली होती, "जा, बुड तिकरं." तेवढंच. आणि तो बुडाला.

"रिकामी होरी आयकत नाय," ती रामनाथला म्हणाली होती. "भरलेली आयकते. भरलेली होरी असली, तर तोंडाशी वाकरा काय आनू नको."

रामनाथने ते मनावर घेतलं. आयुष्यभर घेतलं.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कारखान्याला कुवेतची ऑर्डर मिळाली. समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना तिथे उभा राहत होता, त्याला व्हॉल्व्ह हवे होते. दोनशे बारा पेट्या. एवढी ऑर्डर जयवंतरावांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. माल कुवेतच्या धक्क्यावर उतरेपर्यंत जबाबदारी आपली, अशी बोली होती. त्यांनी दुसरी सगळी कामं परत केली. जवळचं होतं नव्हतं ते पितळेत घातलं. लेथवर तीन पाळ्या लावल्या. चौतीस माणसं राबत होती आणि चौतीसही जणांना ठाऊक होतं, की पेट्या पोचल्या तर गाळा दुप्पट मोठा होईल आणि नाही पोचल्या तर गाळाच राहणार नाही.

गुणाजी तर रात्रंदिवस पेट्याच ठोकत होता. मूळचा मालवणकडचा, वीस वर्षं परळच्या गिरणीत साचे चालवलेला. संपात गिरणी गेली आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस हातोडी घेऊन साकीनाक्याला आला. पेटीच्या कडेला तो हात फिरवून बघायचा, कुठे कुसळ राहिलं आहे का. "कुवेतच्या माणसाच्या हाताक लागाक नको," म्हणायचा.

पेट्या तयार झाल्या आणि गोदीत संप झाला. महिनाभर गोदी बंद. पेट्या दारात थांबल्या, त्यांच्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर धूळ आली. कुवेतहून रोज टेलेक्सवर तगादा. संप मिटला तेव्हा जहाजांची ही रांग लागलेली. रामनाथने धावपळ करून एका जहाजावर जागा मिळवली. नाव 'सेरेना'. दुबईला जाणारं. दुबईला माल उतरवायचा आणि तिथून रस्त्याने कुवेतला न्यायचा, अशी त्याची योजना, कारण वरच्या बाजूला, कुवेतच्या पाण्यात, इराण आणि इराकची लढाई पेटलेली होती. 'सेरेना'वर गुणाजीचा धाकटा भाऊ लवू खलाशी होता, त्याच्याकडून रामनाथने जहाजाची नस अन् नस काढून घेतली. कार्ड भरून गेलं.

"साहेब, अर्ध्या पेट्या या जहाजात, अर्ध्या पुढच्या," तो जयवंतरावांना म्हणाला.

"रामनाथ, आधीच महिना गेलाय. पुढचं जहाज कधी लागेल ते गोदीच्या बापाला ठाऊक नाही. सगळ्या एकदम जाऊ देत."

"एका घरातली माणसं एका होडीत बसवू नयेत, साहेब."

"अरे, पेट्या आहेत त्या. माणसं आहेत काय?"

"पेट्यांच्या मागे चौतीस माणसं आहेत."

जयवंतरावांनी कपाळ चोळलं. पण मत बदललं नाही, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी बदललं असतं असंही नाही. रामनाथने पिवळी चिठ्ठी भरली. चौथ्या ओळीत लिहिलं, सगळा माल एका जहाजात, हाच मोठा धोका. दुबईचा धक्का तुंबलेला. खारी हवा, पितळ काळं पडेल. लढाईचं लिहिलं नाही, कारण दुबईपर्यंत लढाई नव्हती. जयवंतरावांनी चिठ्ठी वाचली, साधा विमा काढला, आणि मे महिन्याच्या एका बुधवारी दोनशे बारावी पेटी 'सेरेना'च्या खणात उतरली. रामनाथने गोदीत उभं राहून हात जोडले. मग त्याच्या तोंडाला नेहमीप्रमाणे कुलूप लागलं.

शुक्रवारी सकाळी जहाज कंपनीचा फोन आला. दुबईचा धक्का पार तुंबलाय. 'सेरेना' आता दुबईला थांबणार नाही, सरळ कुवेतला जाईल. जहाज उद्या पहाटे सुटेल.

आता प्रवेश जयवंतरावांच्या केबिनमधला. टेबलाच्या अलीकडे विम्याचा एजंट नंदू, मांडीवर बॅग घेऊन. पलीकडे जयवंतराव. टेबलावर त्या दिवसाचं वर्तमानपत्र, घडी घातलेलं, आणि घडीच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरात बातमी, आखातात आणखी एका जहाजावर विमानांचा हल्ला. दारात रामनाथ.

"मार्ग बदललाय, तर नवी चिठ्ठी करून टाक," जयवंतराव म्हणाले. "नंदू म्हणतोय लढाईचा विमा वेगळा काढावा लागतो. साध्यात तो येत नाही."

"आणि दर काय झालेत बघा," नंदू म्हणाला. "मागच्या महिन्याच्या चौपट. काढायचा तर आज दुपारच्या आत. मी काही बोलत नाही बाबा, मी बोललो तर म्हणाल एजंट पोट भरतोय. तुमचा हा ज्योतिषी आहे ना, त्याला विचारा."

पिवळी चिठ्ठी रामनाथच्या हातात आली. त्याने उभ्यानेच भरायला घेतली. जहाज, 'सेरेना'. बंदर, कुवेत. मार्ग, थेट.

आणि चौथ्या ओळीवर पेन थांबलं.

त्याला सगळं ठाऊक होतं. डब्यातल्या कार्डावर कुवेतचं पाणी लाल पेनने आखलेलं होतं. त्या पट्ट्यात विमानं कशी येतात, मालवाहू जहाज आणि तेलाचं जहाज यात त्यांना फरक दिसत नाही, हे त्याला खलाशांनी सांगितलं होतं. दोन शब्द लिहायचे होते. लढाईचा धोका. पण जहाज भरलेलं होतं. त्यावर सत्तावीस माणसं होती, त्यांत गुणाजीचा लवू होता, ज्याने परवाच त्याच्या हातात हात देऊन म्हटलं होतं, पुढच्या फेरीक तुका खजूर घेवन येतंय. उद्या पहाटे ते सुटणार होतं. आणि रामनाथच्या डोळ्यांपुढे किनाऱ्यावर उभी असलेली आपली तरुण आई आली.

मनात तो स्वतःची समजूत घालत होता. साहेबांच्या समोर पेपर पडलाय. नंदूने सांगितलंय. एवढं दिसतंय त्यांना, माझ्या अक्षरावाचून त्यांचं काय अडलंय. आपण नाही लिहिलं तरी ते काढतील विमा. काढतीलच.

"काय रे, लिहिलंस?" जयवंतरावांनी विचारलं.

"हो साहेब," रामनाथ म्हणाला आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

जयवंतरावांनी ती उचलली. चौथी ओळ पाहिली. पुन्हा पाहिली. मग त्यांचा चेहरा असा सैल झाला, की पाच मिनिटांत पाच वर्षांनी तरुण दिसायला लागले. ज्या माणसाने आजवर स्वयंपाकी पळाला म्हणून लिहिलं, त्याने आज काही लिहिलं नव्हतं. जगात याहून मोठी हमी कुठली? त्यांनी वर्तमानपत्राकडे पाहिलं नाही. ते पालथं घातलं.

"नको रे नंदू," ते म्हणाले. "आमच्या रामनाथला धोका दिसत नाहीये."

रामनाथ तिथेच उभा होता. अजूनही एक शब्द बोलता आला असता. तो बाहेर आला, चहाच्या गाडीवर गेला, आणि चहा न पिताच परत फिरला.

नवव्या दिवशी बातमी आली. कुवेतच्या बाहेर, बंदराचे दिवे दिसायला लागले होते तेव्हा, विमानातून सुटलेला गोळा 'सेरेना'च्या मागच्या अंगावर बसला. आग लागली. ती विझवताना पाण्याने उरलेलं जहाज भरलं आणि तळाला गेलं. सत्तावीसच्या सत्तावीस माणसं होड्यांत उतरली आणि वाचली. मालातला एक खिळाही हाती लागला नाही. आणि विमा कंपनीचं पत्र आलं, की लढाईने झालेलं नुकसान या पॉलिसीत येत नाही, आपण तशी मागणी केलेली नव्हती.

जयवंतराव पत्र घेऊन केबिनमधून बाहेर आले. दुसऱ्या हातात पिवळी चिठ्ठी. सगळ्यांच्या समोर त्यांनी ती रामनाथपुढे धरली.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"चौथी ओळ वाच."

"रिकामी आहे."

"तुला ठाऊक होतं, की नव्हतं?"

"होतं."

कुणीतरी लेथ बंद केलं. मग दुसऱ्याने. ती घरघर, जी थांबायची नाही असं वाटत होतं, ती थांबली. रामनाथच्या जिभेवर आलं होतं, की साहेब, तुम्ही पेपर पालथा घातलात. अर्ध्या-अर्ध्या पाठवा म्हटलं होतं, तेही तुम्ही ऐकलं नाहीत. पण चिठ्ठी धरलेल्या जयवंतरावांच्या हातावर लेथचे जुने चट्टे होते, आणि त्या हाताला काही बोलावं असं त्याला वाटलं नाही. कारण सांगितलं असतं तरी कुणाला सांगणार? पवईला शिकून आलेल्या माणसाला काय सांगायचं, की भरलेली होडी ऐकते?

"मग लिहिलं का नाहीस?" जयवंतरावांचा आवाज खाली आला होता. "वैर होतं काय माझ्याशी?"

"नाही साहेब."

"मग?"

 त्यानंतर साकीनाक्यावर नाना वदंता उठल्या. कुणी म्हणालं, दुसऱ्या कारखान्याने त्याला फोडला. कुणी म्हणालं, चिठ्ठी भरायचा त्याला कंटाळा आला होता. पाच वर्षं अपशकुनी म्हणून हिणवलेल्या माणसाला, तो एकदा गप्प बसला म्हणून, लोकांनी हरामखोर ठरवलं.

त्या संध्याकाळी त्याने आईला सांगितलं. कृष्णाबाई सुकट निवडत बसली होती. तिने हात न थांबवता विचारलं, "मानसा आली ना घरा?"

"आली. सगळी आली."

"मंग?"

"आये, चौतीस घरं उघड्यावर आली."

"घरा परत उभी ऱ्हातात," ती म्हणाली. "तू गप बसलास त्या बरा केलास."

जगात एवढी एकच बाई त्याला बरं म्हणाली, आणि ते ऐकून त्याला जितकं जड गेलं तितकं जयवंतरावांचं बोलणंही गेलं नव्हतं.

कारखाना दोन महिन्यांत बंद झाला. मशिनं कुणी मुलुंडचा माणूस घेऊन गेला. पाटी काढायला कुणी आलं नाही, ती पावसाळाभर तशीच लटकत राहिली. शेवटच्या दिवशी गुणाजी हातोडी पिशवीत टाकून रामनाथजवळ आला.

"लवू इलो घराक," तो म्हणाला. "हात भाजलोहा, पण इलो. माका ह्या वयात दुसऱ्यांदा घरी बसवलंस, नि माझो भाव तेवढो जितो इलो. आता तुका शिये घालू, की देवाच्या पाया पडू? तूच सांग."

तेव्हा रामनाथने त्याला सगळं सांगितलं. फक्त त्याला. गुणाजीने पिशवीचे बंद आवळले. "येडो असंस तू," एवढंच म्हणाला. पण त्यानंतर महिन्यातून एकदा तरी तो मढला येऊ लागला.

रामनाथला परत कुठल्या कारखान्याने दारात उभं केलं नाही. मढलाच, सिनेमावाले शूटिंगसाठी भाड्याने घेतात त्या एका बंगल्यावर तो रखवालदार झाला. तिथे बंबाच्या नळीने पाऊस पाडत, मोठ्या पंख्याने वादळ आणत. नायिका किनाऱ्यावर धावत येऊन "नाव बुडाली" म्हणून किंचाळायची. एकदा, दोनदा, दहादा, दिग्दर्शकाच्या मनासारखं होईपर्यंत. आणि समोरच्या खऱ्या समुद्रात खऱ्या होड्या भरून चाललेल्या असायच्या. त्यांना काही होत नसे. रामनाथ फाटकाशी बसून हे चार वर्षं पाहत होता. पाहता पाहता त्याच्या मनातला कुठला तरी खिळा सैल झाला.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या. त्याचा धाकटा भाऊ अनंता होडीचा नाखवा, म्हणजे कप्तान. होडी भरलेली, बर्फ चढलेला, सहा माणसं वर. मढच्या किनाऱ्यावर बायका आरती घेऊन उभ्या. रामनाथने सकाळी रेडिओ ऐकला होता. खोल समुद्रात वारा वाढण्याचा संभव. दुसऱ्या कुणी तो ऐकला नव्हता, आणि ऐकला असता तरी दर पौर्णिमेला रेडिओ हेच सांगतो म्हणून सोडून दिला असता.

तो गुडघाभर पाण्यात गेला. होडीच्या कडेला हात लावला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, "अनंता, उतर. आज ही होरी बुडंल."

 एका बाईच्या हातातली आरती विझली. अनंता भावाकडे असा पाहत राहिला, जसा परक्याकडे पाहावं. मग एकेक माणूस खाली उतरला. भरलेल्या होडीला असं कुणी बोलल्यावर तिच्यात बसणार कोण?

दिवसभर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत होता. इतर साऱ्या होड्या भरभरून पापलेट घेऊन आल्या. अनंताच्या होडीतला बर्फ वितळून गेला.

त्यानंतर कोळीवाड्यात रामनाथला कुणी होड्यांजवळ येऊ दिलं नाही. अनंताने बोलणं टाकलं. आणि कृष्णाबाईनेही टाकलं. सत्तरीची म्हातारी, त्याच घरात, त्याच चुलीजवळ. त्याच्या ताटात मासा वाढायची, पण तोंडाने शब्द नाही. तो गप्प राहिला तेव्हा साकीनाका गेला, बोलला तेव्हा मढ गेलं. बायको कमळ तेवढी त्याच्याशी बोलायची, आणि तीही जपून, दाराआडून, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून.

शेवटचा प्रवेश एकोणनव्वदच्या हिवाळ्यातला. अंधेरीतलं एक इस्पितळ. रामनाथच्या पोटात गाठ होती, ती काढायची होती. गुणाजी मुलुंडहून आला होता, आता तो तिथल्या एका कारखान्यात पेट्या ठोकायचा. कमळ होती. आणि अनंताच्या बायकोचा हात धरून कृष्णाबाईही आली होती. खाटेच्या पायथ्याशी बसून होती. एक शब्द बोलली नव्हती.

तरुण डॉक्टर घाईत आला. सकाळपासून तिसरं ऑपरेशन. कमळपुढे त्याने छापील फॉर्म धरला. "इथे सही करा. मावशी, घाबरायचं काही नाही. छोटंसं काम आहे."

कमळने पेन घेऊन सही केली. रामनाथ चाकांच्या खाटेवर आडवा होता, हाताला सुई, अंगावर हिरवा कपडा. त्याने हात पुढे केला.

"कागद दाखव."

"अहो, आता कशाला?"

"दाखव गं."

त्याने फॉर्म डोळ्यांसमोर धरला. सवयीने वरपासून वाचत गेला. नाव. वय. ऑपरेशन कुठलं. आणि खाली ठळक छापलेलं, संभाव्य धोके, त्यापुढे एक लांब रेघ. त्या रेघेवर कुणी काही लिहिलं नव्हतं.

गुणाजी जवळच उभा होता. त्याने रामनाथचा चेहरा पाहिला आणि त्याला पाच वर्षांपूर्वीचा पिवळा कागद आठवला. वॉर्डबॉयने खाटेचा खटका सोडला. चाकं फिरली. कृष्णाबाई उठून उभी राहिली, ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात पदरात घट्ट धरून. तिच्या लेखी मुलगा आता भरलेली होडी होता, आणि ती बोलणार नव्हती. डॉक्टर फॉर्म परत घ्यायला वाकला, म्हणाला, "द्या काका, ते आम्ही नंतर भरतो."

ऑपरेशन तीन तास चाललं. रामनाथ शुद्धीवर आला नाही. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला, आणि मढला त्याच्या तिरडीला खांदा द्यायला अनंता आला, एवढी माणुसकी राहिली. जयवंतरावही आले होते, लांब उभे होते, कुणाशी न बोलता निघून गेले.

त्या खाटेवरून आत जाताना, दार बंद व्हायच्या आधी, त्याने फॉर्म डॉक्टरच्या हातात दिला नव्हता. दोन बोटांत धरून ठेवला होता. त्याचं शेवटचं बोलणं गुणाजीने ऐकलं, आणि कुणी विचारलं तर तो ते आजही जसंच्या तसं सांगतो, आवाज न चढवता, रामनाथ बोलला तसंच.

"डॉक्टर, ही ओळ रिकामी आहे."